पोटापाण्याचा एक गुण



गेल्या सहामाही परीक्षेत सातवीच्या इंग्रजीच्या पेपरात दहा गुणांचा एक प्रश्न होता. इंग्रजीतले दहा जोडशब्द दिलेले होते आणि त्यांचे अर्थ 'स्वतःच्या शब्दांत' लिहायचे होते. त्यात एक होता 'ब्रेड ॲण्ड बटर'. आपल्या एका विद्यार्थिनीने त्यापुढे चक्क देवनागरीत लिहिले, 'पोटापाण्याचा धंदा'. बाईंनी ते खोडले. गुण शून्य.

बाईंना दोष द्यावा तर तो फारसा देता येत नाही. त्या तेलुगू भाषिक आहेत, मनापासून शिकवतात, पण मराठी त्यांना वाचता येत नाही. त्यांनी शेजारी बसलेल्या मराठी जाणणाऱ्या सहकाऱ्याला विचारले, हे काय लिहिले आहे? सहकाऱ्याने आपले पेपर तपासता तपासता सांगून टाकले, पोट म्हणजे स्टमक, पाणी म्हणजे वॉटर, धंदा म्हणजे बिझनेस. आता यातून कुणी काय समजावे! बाईंनी लाल रेघ मारली. पुढे तो गठ्ठा आमच्या टेबलावर आला आणि आम्ही सही केली. वाचून नव्हे, नुसते पेपर मोजून.

आठवड्याने मुलीचे आजोबा भेटायला आले. १९७२ च्या दुष्काळानंतर नांदेड जिल्ह्यातून इकडे आलेले, बालानगरच्या कारखान्यात उमर घालवलेले गृहस्थ. भांडायला आले नव्हते. पेपर पुढे ठेवून एवढेच म्हणाले, "सर, पोटापाण्यासाठी गाव सोडून इथं आलो. नातीनं लिहिलं ते चूक कसं, तेवढं समजावून सांगा." आम्ही त्यांना चहा दिला. समजावून सांगण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते.

त्यांच्या जाण्यानंतर आम्ही सगळा गठ्ठा पुन्हा काढला. या वेळी वाचला. वर्गातल्या बहुतेकांनी 'ब्रेड ॲण्ड बटर'पुढे गाईडमधला 'लाइव्हलीहूड' हा शब्द जसाच्या तसा उतरवून पूर्ण गुण मिळवले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन विचारले, लाइव्हलीहूड म्हणजे काय? थोडा वेळ शांतता. मग एक जण म्हणाला, "सर, लाइव्ह असणे." ज्यांना गुण मिळाला त्यांना अर्थ ठाऊक नव्हता आणि जिला अर्थ नेमका ठाऊक होता तिला गुण नव्हता. या एका गुणाबद्दल आज लिहायचे आहे. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत मराठीच्या तासांचा विषय आहे, त्याच्याशीही या गुणाचे नाते आहे. ते पुढे सांगू.

आधी जोडशब्दांविषयी. दोन शब्द एकत्र आले म्हणजे त्यांच्या अर्थांची बेरीज होते असे नाही. 'चहापाणी' म्हणजे चहा अधिक पाणी नव्हे. पाहुणा आल्यावर त्याचे जे करायचे ते सगळे त्यात येते, आणि सरकारी कचेरीच्या दारात तोच शब्द निराळ्याच अर्थाने येतो. 'खतपाणी' शेतात घातले तर चांगले, भांडणाला घातले तर वाईट. 'शेजारीपाजारी' यातला शेजारी आपल्याला ठाऊक आहे, पण पाजारी कोणत्या मजल्यावर राहतो असे आम्ही सातवीत विचारले तेव्हा वर्गात हशा पिकला. व्याकरणाचे पुस्तक अशा शब्दांना अभ्यस्त शब्द म्हणते आणि त्यांचे प्रकार पाडून मोकळे होते. प्रकार पाठ केल्याने शब्द तोंडात येत नाही, हा आमचा अनुभव आहे.

हा अनुभव आमच्या स्वतःच्या फजितीतून आलेला आहे. आमचे पदवीपर्यंतचे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, पण लिहिणे-वाचणे हिंदीत. शाळेचा कार्यभार घेतला त्या वर्षी फीच्या नव्या पावत्या छापायच्या होत्या. मजकूर आम्हीच लिहून दिला आणि तळाला मोठ्या हौसेने घातले, 'भूलचूक देणे घेणे'. पावतीपुस्तके छापून आली. पहिल्याच दिवशी रांगेतल्या एका वृद्ध पालकांनी पावती डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि म्हणाले, "सर, मराठीत आधी चुकायचं, मग भुलायचं." हिंदीत 'भूल-चूक लेनी-देनी', मराठीत 'चूकभूल द्यावी घ्यावी'. शब्द तेच, क्रम उलटा. आणि क्रम उलटला की मराठी कानाला खडा लागतो. छापलेले कागद वाया कसे घालवायचे म्हणून त्या पावत्या वर्षभर चालवाव्या लागल्या. जुन्या पालकांपैकी कुणाकडे अजून असतील तर त्यांनी त्या जपून ठेवू नयेत ही विनंती.

हाच मजकूर इंग्रजी बिलावरही असतो. 'ई ॲण्ड ओ ई' अशी अक्षरे दुकानाच्या बिलाखाली आपण सगळ्यांनी पाहिली असतील. 'एरर्स ॲण्ड ओमिशन्स एक्सेप्टेड', म्हणजे चुका आणि राहून गेलेल्या बाबी वगळून. तोही जोडशब्दच. पण गंमत बघा. इंग्रजी बिल म्हणते, यात चूक असेल तर आम्ही तिला बांधलेले नाही. मराठी बिल म्हणते, चूक तुमच्या बाजूची निघाली तर तुम्ही द्या, आमच्या बाजूची निघाली तर आमच्याकडून घ्या. व्यवहार एकच, त्यामागचा स्वभाव वेगळा. दोन्ही जोड्या शेजारी शेजारी ठेवल्या तरच हे दिसते. नुसत्या इंग्रजी शब्दांची यादी पाठ करून ते कधी दिसणार नाही.

त्या घटनेनंतर आम्ही सातवीचा एक तास मागून घेतला. पेपरातलेच दहा शब्द घेतले. पहिला 'बाय ॲण्ड लार्ज'. गाईडमध्ये अर्थ दिला होता 'सर्वसाधारणपणे', तो बरोबर आहे. पण 'बाय' आणि 'लार्ज' यांतून सर्वसाधारणपणे कसे निघते हे कुणालाच सांगता येईना. हा शब्द शिडाच्या जहाजांवरचा आहे. वारा समोरून येत असताना जमेल तितके त्याच्याकडे तोंड करून जाणे म्हणजे 'बाय', आणि वारा पाठीकडून घेऊन मोकळे जाणे म्हणजे 'लार्ज'. जे जहाज दोन्ही तऱ्हेने नीट चालते ते 'बाय ॲण्ड लार्ज' चांगले, म्हणजे एकंदरीत चांगले. 'हाय ॲण्ड ड्राय' हाही समुद्राचाच शब्द. ओहोटी लागली, पाणी मागे गेले आणि जहाज कोरड्यावर अडकले, तशी माणसाची अवस्था. इंग्रज हे दर्यावर्दी लोक, त्यांच्या बोलण्यात जहाजे येणारच. आपल्या हैदराबादला समुद्र नाही, हुसेनसागर आहे, त्यामुळे मुलांना वाऱ्याची दिशा फळ्यावर बाण काढून दाखवावी लागली.

दुसरा 'स्पिक ॲण्ड स्पॅन'. मुलांनी लिहिले होते, लख्ख स्वच्छ. आज तोच अर्थ आहे. पण जुन्या नॉर्स भाषेतून आलेल्या 'स्पॅन-न्यू' याचा अर्थ नुकत्याच तासलेल्या लाकडाच्या ढलपीसारखे नवे, आणि 'स्पिक' म्हणजे खिळा. खिळा आणि ढलपी यांच्याइतके नवे, असा मूळचा भाव होता. हे सांगताच मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "नवाकोरा!" त्याला कुणी विचारले नव्हते. पण त्याच क्षणी तो इंग्रजी शब्द त्याच्या मालकीचा झाला, हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

'किथ ॲण्ड किन' यात 'किन' म्हणजे रक्ताचे नातेवाईक. 'किथ' म्हणजे ओळखीची माणसे, ओळखीचा मुलूख. पण तो शब्द आज इंग्रजीत एकटा कुणी वापरत नाही, फक्त या जोडीत जिवंत उरला आहे. आपल्या 'सगेसोयरे' या शब्दातले दोन्ही गडी मात्र अजून ठणठणीत आहेत. सगे रक्ताचे, सोयरे लग्नसंबंधाने जोडलेले. शहरातल्या मुलांना सगळेच 'अंकल' असल्यामुळे हा फरक समजावून सांगायला दहा मिनिटे गेली, आणि ती दहा मिनिटे वाया गेली असे आम्हाला वाटत नाही.

यानंतर 'नल ॲण्ड व्हॉइड' आला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, मग दोनदा का म्हणायचे? इथे थोडा इतिहास सांगावा लागला. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच झाली. कोर्टातही फ्रेंच आणि लॅटिन. सामान्य रयत इंग्रजी बोलणारी. वकिलांना दोन भाषांचे शब्द जोडीने लिहायची सवय लागली. 'विल ॲण्ड टेस्टामेंट' यातला पहिला शब्द अस्सल इंग्रजी, दुसरा लॅटिन वळणाचा. 'फिट ॲण्ड प्रॉपर' यातही तसेच. पुढे ती सवय इतकी अंगवळणी पडली की एकाच घरातले दोन शब्दही जोडीने येऊ लागले.

हे ऐकून हैदराबादच्या मराठी माणसाला घरचीच आठवण यावी. आपल्याकडे हेच झाले. 'कागदपत्र' यातला कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतचे. 'लाजशरम' यातली लाज आपली, शरम फारसी. 'रीतिरिवाज', 'मानमरातब', 'धनदौलत' या सगळ्यांत पहिला शब्द संस्कृत वळणाचा आणि दुसरा अरबीतून फारसीमार्गे आलेला. आणि 'नल ॲण्ड व्हॉइड' याला तर आपल्याकडे तंतोतंत जोड आहे, 'रद्दबातल'. रद्द आणि बातल, दोन्ही अरबी, दोन्हींचा अर्थ एकच. छत्रपती शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, तरी या जोड्या लोकांच्या तोंडून गेल्या नाहीत. मराठवाडा तर १९५६ पर्यंत याच हैदराबाद राज्यात होता. कचेरीत उर्दू, घरात मराठी. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजही आजी-आजोबांच्या बोलण्यात अशा जोड्या सहज येतात. त्या अशुद्ध मराठीच्या खुणा आहेत असे काही पालक समजतात आणि मुलांसमोर थोडे ओशाळतात. ओशाळू नये. इंग्रजीच्या कायद्याच्या भाषेत हीच गोष्ट आहे आणि तिथे ती मोठ्या रुबाबात मिरवते.

तास संपत आला तेव्हा मुलांनी फळ्यावर स्वतःच एक तक्ता सुरू केला. आपल्या शाळेत आता वसाहतीतली तेलुगू मुलेही बरीच आहेत. मराठीत 'घरदार' म्हणतात असे कुणी लिहिले, तर त्याच्या शेजारी एका मुलीने तेलुगूतले 'इल्लु-वाकिली' लिहिले. इल्लु म्हणजे घर, वाकिली म्हणजे दारापुढची जागा, दरवाजा. आम्ही हिंदीतले 'घर-बार' जोडले, कारण त्यातला 'बार' हा संस्कृत 'द्वार' या शब्दाचाच नातू. तीन भाषा, आणि तिन्हींना घर म्हटले की दार आठवते. इंग्रजीत 'हाउस ॲण्ड होम'. तिथे दाराचा पत्ता नाही. थंड मुलखात दार बंदच असायचे, असे एका मुलाने कारण दिले. हे कारण आम्ही मान्य केलेले नाही, पण खोडलेही नाही. खोडण्याबाबत सध्या आम्ही जरा जपून आहोत.

क्रमाचीही गंमत निघाली. इंग्रजीत 'अप्स ॲण्ड डाउन्स', मराठीत 'चढउतार', दोन्हीकडे आधी वर मग खाली. हिंदीत मात्र 'उतार-चढ़ाव', आधी खाली. इंग्रजीत 'गिव्ह ॲण्ड टेक', मराठीत 'देवाणघेवाण', तेलुगूतही आधी देणे मग घेणे. हिंदीत 'लेन-देन', आधी घेणे. यावरून कुणा भाषिकाच्या स्वभावाबद्दल काही अनुमान काढायला आम्ही मुलांना मनाई केली, कारण मराठीतही 'तुझ्याशी काही घेणेदेणे नाही' असे म्हणताना घेणे आधी येते. १९५९ साली याकोव्ह माल्कील नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने अशा न उलटणाऱ्या जोड्यांवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. आमच्या पावतीची हकीगत त्यांना कळली असती तर त्यांना आवडली असती.

आणि आपल्या कुकटपल्लीची खास गोष्ट राहिलीच. मराठीत चहाबिहा, हिंदीत चाय-वाय, तेलुगूत टी-गी. आपली मुले मराठी बोलताना सर्रास 'टी-गी घेणार का' असे विचारतात. जोडीचे बीज तेच, फक्त 'बि'च्या जागी 'गी' आला. यावर आमचा काही आक्षेप नाही. तीन भाषांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाच्या तोंडी असेच येणार.

आता तासांचा विषय. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या सर्व शाळांत दहावीपर्यंत तेलुगू सक्तीचे झाले. ते योग्यच आहे. ज्या मातीत राहतो तिची भाषा आली पाहिजे. पण वेळापत्रकातले तास रबराचे नसतात. तेलुगू, हिंदी, इंग्रजी यांच्यानंतर मराठीला आठवड्याचे चार तास उरले. आता त्यातले दोन काढून 'स्पोकन इंग्लिश'ला द्यावेत असा प्रस्ताव काही पालकांकडून आला आहे आणि तो विश्वस्त मंडळापुढे आहे. प्रस्ताव मांडणाऱ्या पालकांचा हेतू आम्हाला ठाऊक आहे आणि त्याबद्दल आदर आहे. हायटेक सिटी इथून जवळ. मुलाखत इंग्रजीत होते. मूल अडखळले तर नोकरी जाते. ज्यांच्या आई-वडिलांनी कारखान्यात पाळ्या केल्या त्यांना ही भीती वाटणे साहजिक आहे. आमच्यासारखा हिंदी माध्यमाचा पदवीधर तर ती भीती चांगलीच ओळखतो. पहिल्या मुलाखतीत समोरच्यांनी 'प्रोज ॲण्ड कॉन्स' सांगा म्हटले तेव्हा आम्ही गद्याबद्दल बोलू लागलो होतो. साधकबाधक हा शब्द आम्हाला येत होता. कुणी ती जोडी लावून दिली नव्हती.

म्हणून आमचे मत स्पष्ट सांगतो. मराठीचे दोन तास काढून इंग्रजी सुधारणार नाही. सातवीच्या गठ्ठ्याने ते दाखवून दिले आहे. ज्या मुलीच्या घरी पोटापाणी हा शब्द रोज कानावर पडतो तिला 'ब्रेड ॲण्ड बटर' एका क्षणात कळले. ज्यांच्याकडे तो शब्दच नाही त्यांनी एका इंग्रजी शब्दाच्या जागी दुसरा इंग्रजी शब्द ठेवला आणि दोन्ही परकेच राहिले. काढायचेच असतील तर गाईड पाठ करून घेण्यात जाणारे तास काढा. ते इंग्रजीच्याच तासांत दडलेले आहेत, आणि ते शोधण्याचे काम आम्ही व इंग्रजीच्या बाई मिळून करायला तयार आहोत. मंडळाने वेगळा निर्णय घेतला तर आम्ही तो पाळू, पण आमचा विरोध कार्यवृत्तात नोंदवावा अशी विनंती आहे.

पालकांपैकी जे मराठीचे तास वाचवा म्हणून आमच्याकडे येतात त्यांनाही एक प्रश्न आहे. घरी काय बोलता? सभेत मराठीचा कैवार घेणारे एक गृहस्थ परवा फाटकापाशी मुलाला 'फास्ट फास्ट चल, बॅग-टिफिन घेतलास का' असे म्हणताना आम्ही ऐकले. दप्तर-डबा म्हणायला काही जास्त वेळ लागत नाही. चार तासांत शाळा काय देणार? शब्द घरातून यायचे, शाळेने ते फक्त ओळखायचे. आणि ओळखण्यात आम्ही चुकलो हे वर कबूल केलेच आहे.

त्या विद्यार्थिनीला तिचा गुण परत दिला आहे. बाईंनी स्वतःच लाल रेघेवर बरोबरची खूण केली आणि 'पोटापाणी' हा शब्द आपल्या वहीत तेलुगू लिपीत उतरवून घेतला. खरी अडचण निराळी आहे. त्या मुलीने पुढच्या चाचणीत एकही मराठी शब्द लिहिला नाही. 'ऑड्स ॲण्ड एण्ड्स' याचा अर्थ तिने गाईडमधून उतरवला. सटरफटर हा शब्द तिला येतो. आम्ही विचारले तेव्हा तिने हळूच सांगितला. लिहिला का नाहीस, यावर ती काही बोलली नाही.

तूर्त एवढे केले आहे. इंग्रजीच्या पेपरात जोडशब्दांचा अर्थ मराठी, तेलुगू, हिंदी किंवा इंग्रजी, कोणत्याही भाषेत लिहिला आणि तो बरोबर असला तर पूर्ण गुण मिळतील, अशी सूचना सर्व शिक्षकांना लेखी दिली आहे. जी भाषा तपासणाऱ्याला येत नाही तिच्यासाठी तो पेपर दुसऱ्या शिक्षकाकडे जाईल आणि तो शिक्षक घाईत तोडून सांगणार नाही. कार्यालयाच्या खिडकीपाशी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. पालकांनी, विशेषतः आजी-आजोबांनी, आपल्याला आठवतील ते जोडशब्द तीत लिहावेत, अर्थासह. पहिले पान त्या नांदेडच्या आजोबांनी भरले आहे. दाणागोटा, बीबियाणे, औतफाटा, मोटनाडा. शेवटचा शब्द आम्हाला कळला नाही म्हणून त्यांना विचारला, तर विहिरीवरची मोट, तिचा दोर आणि बैलांची चाल हे सगळे सांगता सांगता त्यांना शाळा सुटायची वेळ झाली. वही शनिवारी दुपारी एक वाजेपर्यंत मिळेल. पेन स्वतःचे आणावे. खिडकीवरचे पेन टिकत नाही.